सिस्टीम अपग्रेड केली आणि कॅमेरा टेदर होईना: कुठे आणि काय तपासायचं

तुमचा प्रश्न असा आहे: परवापर्यंत कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडला की क्लिक केलेला फोटो दोन-तीन सेकंदांत स्क्रीनवर यायचा, यालाच टेदरिंग म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टीम नव्या आवृत्तीवर नेली आणि तेव्हापासून टेदरिंगचा प्रोग्राम ‘कॅमेरा सापडला नाही’ एवढंच सांगतोय. क्वचित सापडलाच, तर दहा-पंधरा फ्रेमनंतर संपर्क तुटतो. केबल बदलली, प्रोग्राम काढून पुन्हा टाकला, सगळं बंद करून चालू केलं, उपयोग शून्य. मॅक आहे की विंडोज हे तुम्ही सांगितलेलं नाही, म्हणून दोन्हींचं लिहितो. लिनक्सचंही जाता जाता.

सगळ्यात आधी हात थांबवा. प्रोग्राम काढून पुन्हा टाकणं ही पहिली पायरी नाही, शेवटची आहे. केबल, पोर्ट, ड्रायव्हर आणि प्रोग्राम असं सगळं एकदम बदललं, तर जोडणी सुरू झाली तरी कशामुळे झाली ते कळत नाही. पुढच्या वेळी तीच अडचण आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रत्येक बदलानंतर कॅमेरा बंद करा, केबल काढा, पाच-दहा सेकंद थांबा, केबल लावा, मग कॅमेरा चालू करा. कंटाळवाणं वाटतं, पण जोडणी अर्धवट अडकून राहण्याचे निम्मे प्रकार एवढ्यानेच टळतात.

इतकी वर्षं टेदर लावून काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. अपग्रेडने कॅमेरा बिघडत नाही, केबल तर नाहीच नाही. अपग्रेडने बदलतात त्या दोन गोष्टी: कॅमेऱ्याला आणि फोल्डरला हात लावायची परवानगी कोणाला आहे, आणि कॅमेरा जोडल्याबरोबर त्याला सगळ्यात आधी कोण पकडतं. म्हणून शोध घ्यायचा तो तीन प्रश्नांनी, याच क्रमाने. संगणकाला कॅमेरा दिसतो का? दिसत असेल तर त्याला कोणी धरून ठेवलंय का? आणि फोटो निघतोय पण येत नाही असं असेल, तर तो डिस्कवर साठवायला परवानगी आहे का?

या क्रमामागचं कारण थोडं समजून घ्या. बहुतेक कॅमेरे संगणकाशी पीटीपी नावाच्या पद्धतीने बोलतात, म्हणजे पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल. तो आयएसओ १५७४० या मानकात ठरवलेला आहे. शटर मारणं, ॲपर्चर बदलणं, लाइव्ह व्ह्यू (लेन्समधून दिसणारं चालू चित्र) पाठवणं हे सगळं प्रत्येक कंपनीने त्याच्यावर आपापल्या आज्ञा चढवून केलंय. या पद्धतीत आधी ‘सेशन’, म्हणजे कॅमेऱ्याशी बोलण्याची एक बैठक, उघडावं लागतं, आणि यूएसबीवर एका वेळी एकच प्रोग्राम कॅमेऱ्याचा ताबा घेऊ शकतो. दुसरा आला की त्याला कॅमेरा ‘नाही’ असंच दिसतं. समोर ‘कॅमेरा सापडला नाही’ हे एकच वाक्य येतं, पण त्याचे अर्थ दोन: कॅमेरा खरंच दिसत नाही, किंवा दिसतोय पण दुसऱ्याच्या हातात आहे. हे दोन वेगळे ओळखता आले की निम्मं काम झालं.

तर पहिला प्रश्न, संगणकाला कॅमेरा दिसतो का. टेदरिंगचा प्रोग्राम पूर्ण बंद ठेवून हे तपासायचं. मॅकवर ऑप्शन की दाबून धरा आणि ॲपल मेनू उघडा, ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ दिसेल. त्यात यूएसबीच्या यादीत कॅमेऱ्याचं नाव शोधा. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि तो डोळ्यांसमोर ठेवूनच कॅमेरा चालू करा. यादी एकदा लुकलुकते, तेव्हा नवीन काय आलं ते बघा. बहुधा ‘पोर्टेबल डिव्हायसेस’ किंवा ‘इमेजिंग डिव्हायसेस’ खाली येईल. पिवळं उद्गारचिन्ह असेल तर ड्रायव्हरचा मामला आहे. यादी हललीच नाही तर प्रश्न त्याच्याही खालचा, म्हणजे केबल, पोर्ट, हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी पेटी) किंवा परवानगी.

मॅकवर इथेच बरेच जण फसतात. २०२२ सालच्या व्हेंचुरा या मॅकओएस आवृत्तीपासून ॲपल सिलिकॉनच्या, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या, लॅपटॉपवर नवीन यूएसबी उपकरण जोडलं की सिस्टीम विचारते, ‘या ॲक्सेसरीला जोडू द्यायचं का?’ नको म्हटलं तर उपकरण चार्ज होत राहतं, पण डेटा एक अक्षरही जात नाही. त्यामुळे कॅमेऱ्यावर चार्जिंगची खूण दिसते आणि आपण म्हणतो केबल तर ठीक आहे. जुन्या आवृत्तीवरून थेट व्हेंचुरा किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर उडी मारली असेल, तर हा प्रश्न तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदाच विचारला गेला असेल आणि घाईत नको म्हटलं गेलं असेल. लॅपटॉप लॉक असताना केबल लावली तरी जोडणी अडून राहते, आधी लॉक उघडावं लागतं. सिस्टीम सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ खाली ॲक्सेसरी जोडण्याचा पर्याय असतो, तिथे ‘लॉक उघडं असताना आपोआप’ हा पर्याय निवडा. स्टुडिओत दिवसातून वीस वेळा केबल काढ-घाल होते, प्रत्येक वेळी विचारणा नको. बाहेर गर्दीच्या जागी काम करत असाल तर मात्र विचारणा चालूच राहू द्या. कॅमेरा हबमधून जोडला असेल तर परवानगी हबलाही लागू शकते, म्हणून तपासताना हब बाजूला ठेवा आणि केबल सरळ लॅपटॉपमध्ये लावा.

हबवरून आठवलं. प्रत्येक वेळी दोष आपल्याकडेच असतो असं नाही. मार्च २०२४ मध्ये ॲपलने मॅकओएस सोनोमाची १४.४.१ ही आवृत्ती काढली, तिच्या दुरुस्त्यांच्या यादीत पहिल्या ओळींतच होतं की बाहेरच्या मॉनिटरला जोडलेले यूएसबी हब ओळखले जात नव्हते, ते आता सुधारलंय. मॉनिटरच्या मागच्या पोर्टमध्ये टेदर केबल लावणारे त्या काही आठवड्यांत केबलवर केबल बदलत बसले. अशा वेळी आपल्या हातात एकच असतं: सरळ पोर्टवर चालतं आणि हबमधून चालत नाही, हे दहा मिनिटांत सिद्ध करणं आणि पुढची सुधारित आवृत्ती येईपर्यंत सरळ पोर्ट वापरणं.

केबलबद्दल थोडंच सांगतो. साधी यूएसबी २ केबल ५ मीटरपर्यंत चालते. यूएसबी ३ च्या वेगाला ३ मीटरच्या पुढे साध्या केबलचा भरवसा धरू नका, तिथे रिपीटर असलेली ॲक्टिव्ह केबल हवी. एकाला एक जोडून लांबवलेल्या केबल जुन्या सिस्टीमवर कशाबशा चालत असतात. नवीन सिस्टीमने पोर्टची वीज थोडी जास्त काटकसरीने वापरली की त्या गळतात आणि दोष अपग्रेडच्या माथी बसतो. तपासणीसाठी घरातली सगळ्यात आखूड डेटा केबल घ्या. आणि दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने जमत नसेल, तर एका टोकाला जुना चौकोनी टाइप-ए असलेली केबल एकदा लावून बघा. सी-टू-सी जोडणीत वीज कोणी कोणाला द्यायची याची आधी बोलणी होतात, ती मधेच फिसकटली तर जोडणी पुढे जात नाही. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘यूएसबी पॉवर सप्लाय’ असा पर्याय असेल तर तो बंद करूनही हाच फरक पडतो.

आता दुसरा प्रश्न. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा उत्तर इथेच सापडतं. संगणकाला कॅमेरा दिसतोय, यादीत नाव आहे, पण टेदरचा प्रोग्राम नाही म्हणतो. म्हणजे कोणीतरी आधीच सेशन उघडून बसलंय.

मॅकवर पहिला संशय फोटोज आणि इमेज कॅप्चर या मॅकच्याच दोन प्रोग्रामवर. कॅमेरा जोडला की कोणता प्रोग्राम उघडायचा ही निवड अपग्रेडनंतर कधी कधी मूळ स्थितीला जाते. इमेज कॅप्चर उघडा, डावीकडे कॅमेरा निवडा, खालच्या कोपऱ्यात ‘हा कॅमेरा जोडल्यावर उघडा’ असा पर्याय दिसेल, तिथे ‘कोणताही प्रोग्राम नको’ ठेवा. इमेज कॅप्चरचा आणखी एक मोठा उपयोग आहे. त्यात कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो दिसले, तर केबल, पोर्ट, परवानगी, कॅमेऱ्याचा मोड हे चारही एका झटक्यात निर्दोष ठरले. फक्त तपासून झाल्यावर तो पूर्ण बंद करा, कमांड आणि क्यू दाबून. लाल बटण दाबून फक्त खिडकी बंद केली आणि प्रोग्राम मागे चालू राहिला, तर ताबा त्याच्याकडेच राहू शकतो.

याच्या मागे सिस्टीमची स्वतःची एक प्रक्रिया असते. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये शोधा: पी-टी-पी, पुढे कॅमेरा आणि शेवटी डी, सगळं सलग आणि लहान इंग्रजी अक्षरांत (ptpcamerad). जीफोटो२ सारखी, कमांड देऊन कॅमेरा चालवणारी साधनं यूएसबीशी थेट बोलतात, त्यांच्यासाठी ही प्रक्रिया उघड प्रतिस्पर्धी आहे. पण मॅकवरचे बरेच प्रोग्राम ॲपलच्या इमेज कॅप्चर कोअर या यंत्रणेतूनच कॅमेऱ्यापर्यंत जातात, त्यांच्यासाठी हीच प्रक्रिया म्हणजे रस्ता आहे. म्हणून ‘ती मारून टाका’ हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. ती बंद केली तर सिस्टीम ती काही क्षणांत पुन्हा सुरू करते. अडकलेलं सेशन सुटावं म्हणून एकदा बंद करणं ठीक, आणि तेही कॅमेरा काढून ठेवलेला असताना. ती कायमची बंद ठेवण्याच्या खटपटी करून आपलाच रस्ता अडवू नका.

दुसरा संशय कॅमेरा कंपनीच्याच साधनांवर. कॅननचं ईओएस युटिलिटी लाँचर कॅमेरा जोडला की आपोआप जागं होतं. आणि २०२० साली सगळे घरून मीटिंगा करायला लागले तेव्हा कॅनन, निकॉन, सोनी, फुजीफिल्म सगळ्यांनी कॅमेऱ्याचा वेबकॅम करणारी साधनं काढली. ती आपण एकदा टाकली आणि विसरलो. अपग्रेडनंतर पहिल्यांदा लॉगिन होताना अशी विसरलेली साधनं पुन्हा सुरुवातीच्या यादीत येऊन बसतात. टेदरिंगच्या संगणकावर ती ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा संशय कोणाच्या ध्यानीमनी नसतो: ड्रॉपबॉक्स आणि गूगल ड्राइव्ह. ड्रॉपबॉक्समध्ये ‘कॅमेरा अपलोड’ चालू असेल तर कॅमेरा जोडल्याबरोबर तो कार्ड वाचायला धावतो. गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप प्रोग्राममध्येही यूएसबी उपकरणं आणि एसडी कार्डांसाठी तसाच पर्याय आहे. ‘कधी सापडतो, कधी नाही’ हे जे तुम्ही म्हणता, ते दोघांची शर्यत असल्याचं लक्षण असतं. टेदरचा प्रोग्राम आधी पोहोचला तर चालतं, नाहीतर नाही. हे पर्याय बंद करा.

लिनक्सवर हीच गोष्ट सर्वांत स्वच्छ दिसते. नोम हा लिनक्सचा डेस्कटॉप कॅमेरा आपोआप माउंट करतो, म्हणजे फाइल दाखवायला जोडून घेतो, आणि जीफोटो२ चालवलं की उणे ५३ क्रमांकाची चूक येते: यूएसबी उपकरणाचा ताबा घेता आला नाही. फाइल मॅनेजरमध्ये कॅमेऱ्यापुढची इजेक्टची खूण दाबा आणि पुन्हा चालवा. मॅक आणि विंडोजवर जे पडद्याआड होतं ते इथे एका ओळीत सांगितलं जातं, एवढाच फरक.

विंडोजवर ताब्याच्या प्रश्नाला ड्रायव्हरचा पदर असतो. साधारणपणे कॅमेरा एमटीपी (मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल, पीटीपीचाच विस्तार) म्हणून विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतो आणि ‘धिस पीसी’ मध्ये दिसतो. सोनीचं प्रकरण वेगळं आहे. सोनीची रिमोट यंत्रणा विंडोजवर लिबयूएसबीके नावाचा स्वतंत्र ड्रायव्हर वापरते. कॅमेरा पीसी रिमोट मोडमध्ये असताना तो डिव्हाइस मॅनेजरमध्ये याच नावाच्या गटाखाली दिसायला हवा, आणि ‘धिस पीसी’ मध्ये तो दिसत नाही हेच बरोबर आहे. अपग्रेडनंतर विंडोजने त्या जागी आपला एमटीपी ड्रायव्हर बसवला, तर फाइल एक्सप्लोररमध्ये कॅमेरा झकास दिसतो आणि टेदर मात्र बंद. लोक म्हणतात, ‘दिसतोय तर!’ पण इथे दिसणं हीच खूण आहे की ड्रायव्हर बदलला. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमधून ते उपकरण काढून टाका, सोनीचं साधन नव्या आवृत्तीत पुन्हा टाका आणि मग कॅमेरा जोडा. क्रम हाच ठेवा. व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवायला सांगितली की त्याच कॅमेऱ्याच्या जुन्या फिकट नोंदी दिसतील, त्याही काढा.

विंडोजच्या नावापुढे ‘एन’ हे अक्षर असेल तर बाकी काही तपासू नका. त्या आवृत्त्यांमध्ये मीडियाचे भाग मुळातच नसतात आणि एमटीपीही त्यांच्यासोबत जातं. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून मीडिया फीचर पॅक टाकायचा, संगणक रीस्टार्ट करायचा. मोठ्या अपग्रेडनंतर तो पुन्हा टाकावा लागू शकतो. आणि रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ करून चालू केल्यावर विंडोज जुनीच स्थिती उचलते, ड्रायव्हर नव्याने वाचले जात नाहीत.

कॅमेऱ्याचा मेनूही एकदा बघा. अपग्रेडशी त्याचा संबंध नाही, पण वैतागून खटपट करताना आपणच तिथे काहीतरी बदललेलं असतं. सोनीत यूएसबीचा मोड ‘पीसी रिमोट’ हवा. फुजीफिल्ममध्ये ‘टेदर शूटिंग ऑटो’, कार्ड रीडर नव्हे. पॅनासॉनिकमध्ये ‘पीसी टेदर’. कॅननच्या अनेक मॉडेलमध्ये वायफाय चालू असेल तर यूएसबी बंद असतं. संगणकावर कॅमेरा पेन ड्राइव्हसारखा दिसत असेल तर मोड चुकलाय हे नक्की.

तिसऱ्या प्रश्नासाठी मी एक प्रसंग सांगतो, कारण त्यात माझा पाऊण तास वाया गेला होता. घड्याळांचं प्रॉडक्ट शूट होतं आणि आदल्या रात्री मी सिस्टीम अपग्रेड केली होती. सकाळी सगळं नीट जोडलं गेलं. कॅमेऱ्याचं नाव आलं, लाइव्ह व्ह्यू आला, प्रोग्राममधून शटर दाबलं की लाइट पडत होत्या. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो दिसत होता. लाल दिवा लुकलुकायचा, थांबायचा, आणि प्रोग्रामच्या खिडकीत काहीच नाही. ना फोटो, ना चुकीचा संदेश. क्लायंट मागे उभे. मी तीन केबल बदलल्या, कॅमेरा बॉडीसुद्धा बदलली. पाऊण तासाने सुचलं म्हणून फोटो साठवायची जागा बाहेरच्या एसएसडीवरून लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर नेली, आणि पहिला फोटो धाडकन समोर आला.

झालं होतं असं: कॅटलिनापासून, म्हणजे २०१९ पासून, मॅकवरच्या प्रोग्रामना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि बाहेरच्या डिस्कसाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. सिस्टीम एकदाच विचारते. ती विचारणा सकाळी दुसऱ्या मॉनिटरवर येऊन गेली होती आणि मीच घाईत नको म्हणून ती बाजूला केली होती. त्यानंतर सिस्टीम पुन्हा विचारत नाही, गप्पपणे नाकारत राहते. तुमच्याही बाबतीत शटर पडतंय पण फोटो येत नाही असं होत असेल, तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ मधल्या ‘फाइल्स अँड फोल्डर्स’ मध्ये आपल्या प्रोग्रामच्या नावाखाली ‘रिमूव्हेबल व्हॉल्युम्स’ चालू आहे का बघा. चालू केल्यावर प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. तेव्हापासून फोटो आले नाहीत की मी केबलला हात लावण्याआधी सेव्हची जागा बदलून बघतो. वीस सेकंदांचं काम आहे.

विंडोजवर याचा जुळा भाऊ म्हणजे ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’, विंडोज सिक्युरिटीमधलं रॅन्समवेअरपासूनचं संरक्षण. ते चालू असेल तर पिक्चर्स आणि डॉक्युमेंट्समध्ये अनोळखी प्रोग्रामला लिहिता येत नाही. नवीन आवृत्तीचा प्रोग्राम त्याच्या लेखी अनोळखी असू शकतो. संरक्षण बंद करू नका, आपला प्रोग्राम परवानगीच्या यादीत घाला. शिवाय वनड्राइव्हने पिक्चर्स फोल्डर आपल्या ताब्यात घेतलंय का तेही बघा. मॅकवर आयक्लाउड डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सच्या बाबतीत तेच. दर काही सेकंदांनी पन्नास एमबीची रॉ फाइल (सेन्सरचा मूळ डेटा) येऊन पडतेय आणि त्याच फोल्डरमधून सिंक चालू आहे, हे मला अजिबात पटत नाही. टेदरचे फोटो नेहमी सिंकबाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवा, बॅकअप संध्याकाळी घ्या.

सोनीवाल्यांसाठी आणखी एक: कॅमेऱ्यात फोटो कुठे साठवायचा हा पर्याय ‘फक्त कॅमेरा’ असेल तर संगणकावर काही येणार नाही. रॉ अधिक जेपेग मारत असाल तर संगणकाकडे यातलं काय पाठवायचं याचा वेगळा पर्याय आहे. जेपेग येतात पण रॉ येत नाहीत, ही तक्रार तिथली असते.

आता तुमचा दहा-पंधरा फ्रेमनंतर तुटण्याचा भाग. हे बहुधा वीज वाचवण्याचं काम. विंडोजवर अपग्रेडनंतर पॉवर प्लॅन कधी कधी मूळ स्थितीला जातो आणि ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’, म्हणजे रिकामं पोर्ट झोपवण्याची सोय, पुन्हा चालू होतं. दोन शॉटच्या मध्ये तुम्ही लाइट हलवता, वस्तू पुसता, तेवढ्यात पोर्ट झोपतं, आणि कॅमेऱ्याला ते केबल काढल्यासारखं वाटतं. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड भागात ते बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ ही खूणही काढा. काही लॅपटॉपवर पहिला पर्याय दिसतच नाही, तिथे दुसरा करा. कॅमेऱ्याची ऑटो पॉवर ऑफ वेळ वाढवा आणि बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा. दिवसभराच्या शूटला डमी बॅटरी लावून थेट विजेवर चालवणं सर्वांत चांगलं. तुटण्याची वेळ ठरावीक असेल, समजा दर वेळी एक मिनिट शांत राहिल्यावर, तर दोष विजेचा. केबल हलली की तुटत असेल तर कनेक्टरचा. नेमका फोटो येतानाच तुटत असेल तर केबलची लांबी किंवा हब. घड्याळ लावून बघा, अंदाजाने ठरवू नका.

एवढं सगळं करूनही कॅमेरा प्रोग्रामला दिसत नसेल, तर आता प्रोग्रामकडे वळा. ज्या कॅमेऱ्याने टेदर करताय त्याच्या कंपनीचं स्वतःचं साधन चालवून बघा: ईओएस युटिलिटी, एनएक्स टेदर, इमेजिंग एज, जे असेल ते. त्यात चालतंय आणि लाइटरूम किंवा कॅप्चर वन या फोटो हाताळण्याच्या प्रोग्राममध्ये नाही, तर त्या प्रोग्रामची आवृत्ती नव्या सिस्टीमसाठी झालेली नाही, इतकं साधं. जुनी आवृत्ती विकत घेतलेली आहे म्हणून ती नव्या सिस्टीमवर चालायलाच हवी असं नसतं, हे कटू आहे पण खरं आहे. कॅप्चर वनच्या सेटिंग्जमध्ये कॅप्चर विभागात कोणकोणत्या कंपन्यांचे कॅमेरे शोधायचे याच्या खुणा असतात. त्यात फक्त आपल्या कंपनीची खूण ठेवा. ॲपल सिलिकॉनवर एक उपाय कधी कधी लागू पडतो: प्रोग्राम निवडून ‘गेट इन्फो’ मध्ये ‘रोझेटा वापरून उघडा’ ही खूण करायची (रोझेटा म्हणजे इंटेलसाठी बनलेले प्रोग्राम नव्या चिपवर चालवणारी सोय). प्रोग्राम नव्या चिपसाठी असतो, पण त्याच्या पोटातला कॅमेऱ्याशी बोलणारा भाग इंटेलच्या काळातला असतो, तेव्हा याने काम होतं. ही सोय कायमची धरू नका. रोझेटाचा सर्वसाधारण आधार मॅकओएस २७ पर्यंतच राहील, असं ॲपलने २०२५ मध्ये सांगून ठेवलंय.

वायफायने किंवा लॅनने टेदर करणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. मॅकवर २०२४ च्या सिकोयापासून ‘लोकल नेटवर्क’ ही वेगळी परवानगी आली आहे, ती प्रोग्रामला द्या. विंडोजवर नेटवर्क ‘पब्लिक’ झालं असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करा. फायरवॉलमध्ये हाताने वाट द्यावी लागली तर पीटीपीचा नेटवर्कवरचा पोर्ट क्रमांक १५७४०, मानकाचा जो क्रमांक तोच.

मागे फिरायचं असेल तर वेळेचं भान ठेवा. विंडोज १० वरून ११ वर गेला असाल तर मागे जायची सोय साधारण १० दिवसच असते. डिस्क साफ करताना जुन्या विंडोजचं फोल्डर उडवलं तर तीही जाते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, म्हणून मागे गेलात तर तो संगणक इंटरनेटपासून जमेल तितका लांब ठेवा आणि फक्त टेदरला वापरा. मॅकवर मागे जाणं म्हणजे डिस्क पुसून जुनी सिस्टीम टाकणं. बॅकअप तपासून पाहिल्याशिवाय त्यात हात घालू नका. नवीन संगणक मिळाला असेल तर जुना लगेच विकू नका. जुळलेली सिस्टीम, जुळलेला प्रोग्राम आणि जुळलेली केबल असलेला जुना लॅपटॉप स्टुडिओत फार मोलाचा असतो.

आणि उद्याच शूट असेल, वर लिहिलेलं सगळं करायला वेळ नसेल, तर हे करा. कंपनीचं साधन कॅमेऱ्याशी बोलत असेल तर टेदर त्यातूनच करा आणि फोटो एका रिकाम्या फोल्डरमध्ये पडू द्या. लाइटरूममध्ये ‘ऑटो इम्पोर्ट’, कॅप्चर वनमध्ये ‘हॉट फोल्डर’ त्या फोल्डरवर लावा. फोटो एक-दोन सेकंद उशिरा येईल, पण क्लायंटला स्क्रीनवर दिसेल आणि तुमचे प्रीसेटही लागतील. लाइटरूमला हे फोल्डर सुरुवातीला पूर्ण रिकामं लागतं आणि त्याच्या आतल्या उपफोल्डरमध्ये ते बघत नाही. म्हणून कंपनीच्या साधनात ‘तारखेनुसार फोल्डर बनवा’ हा पर्याय आज रात्रीच बंद करा आणि पाच फ्रेम मारून बघा.